दुल्हा, अरब आणि थकलेली तलब

परतवाड्याहून अचलपुरात शिरणाऱ्यास दुल्हा रहमानशहांचा दर्गा कोणीही दाखवील. आणि दाखविणारा थोडा निवांत असेल तर, गझनीच्या महमुदाचा हा भाचा लग्नाच्या पोशाखातच वऱ्हाडच्या ईल राजावर कसा चालून आला आणि येथेच कसा पडला, ही कथाही ऐकवील. इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाही. महमूद दख्खनेत कधी आला नाही; उत्तरेची फौज एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, पोचली ती अल्लाउद्दिनाबरोबर, १२९६ साली, देवगिरीच्या लुटीस जाताना. पण परमुलखातून धर्मासाठी लढावयास आलेल्या गाझीची प्रतिमा लोकांनी जिव्हाळ्याने जपली, आणि जे खरोखर परमुलखातून लढावयास आले त्यांचे चरित्र मात्र दफ्तराच्या बासनांत पडून राहिले. तेथे दीनापेक्षा तलबेचाच, म्हणजे पगाराचाच, घोष अधिक ऐकू येतो.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतील सुमारे पाचशे पायदळ इंग्रज सेनापती वेलस्लीच्या गोऱ्या पलटणींवर तुटून पडले आणि समूळ कापले गेले. वेलस्लीने आपल्या अहवालात त्यांना इराणी म्हटले, तेही ‘असावेत’ अशा सुरात. इतरांनी अरब म्हटले. मारणाऱ्यालाही आपण कोणास मारले हे धड ठाऊक नव्हते. हे मुसलमान शिपाई हिंदू राजाच्या निशाणाखाली पडत असता, एलिचपूरचा पठाण नवाब सलाबतखान निजामाचा सरदार, म्हणून इंग्रजांच्या पक्षात होता. इंग्रजांचे जखमी त्याच्याच एलिचपुरात ठेवले गेले, आणि पंधरवड्याने गाविलगडावर भोसल्यांच्या बाजूने लढून मेला तो बेनीसिंग राजपूत. धर्मावरून पक्ष लावू पाहणाऱ्याची येथे पुरती फसगत होते. त्यानंतरच्या देवगावच्या तहात भोसल्यांनी फ्रेंच व इतर शत्रुराष्ट्रीय गोरे चाकरीस ठेवू नयेत असे कलम इंग्रजांनी घातले. अरबांचे भय तेव्हा कोणास वाटले नव्हते.

ते १८१७त वाटले. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी त्यांच्या अरबांनी नागपूर शहर सोडले नाही. २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी मोडून काढला. वाटाघाटींत थकलेल्या तलबेचा विषय होताच. अखेर ३० डिसेंबरास, बायकामुले व चीजवस्त घेऊन इंग्रज अंमलदाराच्या सोबतीने वऱ्हाडातील मलकापुरापर्यंत जावे, असीरगडास मात्र जाऊ नये, या अटींवर ते बाहेर पडले. बायकामुले, हा तपशील मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. हे लोक मोहिमेवर आलेले नव्हते, संसार मांडून बसले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांचा मुलूख हद्रमौत, अरबस्तानच्या दक्षिणेकडील कोरडे खोरे. तेथलाच उमर बिन अवद अल्-कुआइती प्रथम नागपूरकरांकडे व पुढे हैदराबादेत नोकरीस राहिला, आणि त्याच्या मुलांनी दख्खनच्या पैशावर १८५८ साली शिबाम व पुढे मुकल्ला घेऊन जी सल्तनत उभारली ती १९६७ पर्यंत टिकली. मागे राहिलेल्यांचे वंशज चाऊस म्हणून आपल्या शेजारी नांदत आहेत. २०१४ साली कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यातून बगदादेस जाऊन तेथून जिहादी टोळीस मिळाले, हे वाचले तेव्हा मला या अरबांची आठवण झाली. अरबी समुद्रावरून पूर्वी माणसे इकडे येत, आणि मुशाहरा ठरवून येत.

परतवाड्याचे स्वतःचे भाग्यही तलबेच्या याच हिशेबात गुंतलेले आहे. येथे हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी बसली. शिपाई पुष्कळसे हिंदुस्थानी, म्हणजे वऱ्हाडी बोलीत ‘परदेशी’. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा, आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून. तो फिटेना, कर्ज चढत गेले, आणि १८५३च्या तहनाम्याने सबंध वऱ्हाड प्रांत या फौजेच्या पगारापोटी इंग्रजांकडे लावून देण्यात आला. छावणी उठून कैक वर्षे लोटली, तरी गावातले वृद्ध अजूनही परतवाड्यास ‘कॅम्प’च म्हणतात.