वाळूच्या कणाची साक्ष

आज आपण वालुकाश्म या दगडाकडे पाहू. आपण काळ्या बेसॉल्टवर वाढलेली माणसं. तो तर लाव्हा थंड होऊन झालेला. दिल्लीचा लाल किल्ला आणि बदामीची लेणी मात्र वालुकाश्मातली.

हा ओळखायचा कसा? तांबडा, खरखरीत, एवढ्यावर जाऊ नका. कोकणातला जांभाही तांबडा नि खरखरीत असतो, पण तो जागच्या जागी खडक कुजून झालेला. वालुकाश्म भिंगाखाली धरला की वाळूचे सुटे सुटे कण दिसतात, साधारण 0.06 ते 2 मिलिमीटरचे, बहुतेक गारगोटीचे. सिलिका, चुना किंवा लोहाच्या संयुगांनी ते सांधलेले असतात. शिवाय थर दिसतात, कधी पाण्याच्या लाटांच्या खुणाही.

म्हणजे इथे पूर्वी पाणी किंवा वारा वाळू आणून टाकत होता. हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. न्यायदर्शनात याला शेषवत् अनुमान म्हणतात: नदीचा पूर पाहून वर पाऊस पडून गेला हे जाणणं. त्यावर आक्षेपही तिथेच आहे, की पाणी अडल्यामुळेही नदी फुगते. उत्तर असं, की एकाच खुणेवर विसंबू नका. वेग बघा, फेस बघा, वाहत आलेली पानं-लाकडं बघा.

स्कॉटलंडच्या जेम्स हटननं नेमकं हेच केलं. शेतातली माती पावसानं वाहून जाते, हे त्यानं स्वतः शेती करताना पाहिलं होतं. बायबलच्या हिशेबानं तेव्हा पृथ्वी सुमारे 6000 वर्षांची मानत. 1788 साली तो जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांच्यासोबत होडीनं सिकार पॉइंटला गेला. तिथे खाली राखाडी खडकाचे थर जवळजवळ उभे, आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबडा वालुकाश्म किंचित कलून पसरलेला.

आता बघा, गाळ साचतो तो साधारण आडवाच. म्हणजे खालचे थर आधी साचले, दगड झाले, दाबानं उभे झाले, वर आले, झिजले, आणि मग त्यांवर नवी वाळू साचून तिचाही दगड झाला. हे 6000 वर्षांत कसं बसणार? दोन्ही थरांमधलं अंतर काही कोटी वर्षांचं आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.

हटन ईश्वर मानणारा होता, तरी त्याच्यावर नास्तिकतेचा आरोप झालाच. पण त्यानं धर्मग्रंथाशी वाद घातला नव्हता, समोरच्या दगडाची साक्ष तेवढी ऐकली होती. तेव्हा पुढच्या वेळी लाल किल्ल्यात गेलात, तर भिंतीचा फोटो काढण्याआधी एकदा जवळ जाऊन कण बघा.