डाग

मराठी भाषेची एक गंमत पाहा. पातळावर हळदीचा थेंब सांडला तर तो डाग. तांब्याला भोक पडले आणि कासाराने ते झाळून बंद केले, तर तोही डागच. आणि लेकीच्या लग्नात सोनाराकडून आणलेला जिन्नस, त्यालाही आपल्या आज्या 'डाग' म्हणत. डागडागिने हा शब्द त्यातूनच आला. कलंक, जोड आणि अलंकार या तिन्ही गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. हे भाषेचे दारिद्र्य असे मला पुष्कळ दिवस वाटे. आता तसे वाटत नाही. का, ते सांगायचे तर आमच्या येरमाळ्याच्या लोहारापासून सुरुवात करून थेट मिलान शहरातील मोटारींच्या कारखान्यापर्यंत जावे लागेल. वाचकांनी थोडी पायपीट सोसावी.

येडेश्वरीच्या डोंगराखालचे आमचे गाव सोलापूर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरली की घिसाड्यांची पालेही पडत. लहानपणी देवदर्शन आटोपले की मी भात्यासमोर जाऊन बसे. छिन्नीला पाणी देताना त्या कारागिराचे डोळे कुठे असतात, ते पाहण्यासारखे असे. लालबुंद छिन्नीचे टोक तो पाण्यात बुडवी, बाहेर काढून दगडावर घासून उजळ करी, आणि मग नुसता पाहत राही. मागच्या अंगातली ऊब टोकाकडे सरके, तसे त्या उजळ पोलादावर रंग चढू लागत: आधी गव्हाळ पिवळा, मग पिंगट, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा टोकाशी पोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात! एक क्षण उशीर झाला तर धार मऊ पडायची. त्याच्याजवळ उष्णतामापक नव्हता, पण रंग होता.

हा रंग येतो कुठून? तापलेल्या पोलादावर हवेतल्या प्राणवायूने एक अतिशय पातळ साय धरते. साय जाड होत जाते तसा प्रकाशाचा खेळ पालटतो, साबणाच्या फुग्यावर पालटतो तसाच. साध्या पोलादावर पिवळा सुमारे 220 अंशांना, जांभळा 280 च्या आसपास आणि निळा 300 च्या सुमारास दिसतो. म्हणजे रंग ही आगीने मागे ठेवलेली साक्ष आहे.

हीच साक्ष पुढे मोटारीच्या सांध्यावर उमटली. 1903 साली फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार या दोघांनी ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची ज्योत कामाला लावली, आणि धातूला धातू वितळवून जोडणे गावोगावच्या कारखान्यांना साधले. हाताने मोटारी घडवणाऱ्यांना तर हे वरदानच ठरले. मिलानच्या तूरिंग या कारखान्याने 1936 साली 'सुपरलेजेरा', म्हणजे अतिहलकी, या नावाची रीत काढली: बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर हातोडीने घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. 1954 ची मर्सिडीज 300 एस.एल. अशाच नळ्यांच्या सांगाड्यावर उभी होती. सांगाड्याच्या बाजू इतक्या उंच की दारे पंखांसारखी वर उघडावी लागली. 1959 च्या मासेरातीच्या शर्यतीच्या गाडीत सुमारे 200 बारीक नळ्या होत्या. लोकांनी तिचे नावच 'पिंजरा' ठेवले. दोनशे नळ्या म्हणजे सांधे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्यांतला एक उकलला तर ताशी दीडशे मैलांच्या वेगात काय होईल, तेही ताडावे.

पण गिऱ्हाईक सांधे पाहत नसे. त्याला दिसे तो आरशासारखा रंग. पत्र्यांचे सांधे शिसे वितळवून भरीत, कानशीने सपाट करीत आणि मग रंगाचे थर देत. उत्तम कारागिराच्या हातून हे काम झाले म्हणजे सांधा कुठे आहे ते बोटालाही कळू नये. ती कलाच होती. मात्र त्याच शिशाखाली चांगला सांधाही लपे आणि वाईटही. सफाई हा त्या वेळेपासून दुधारी शब्द झाला.

1941 साली अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कारखान्यातील रसेल मेरेडिथ याने मॅग्नेशियम जोडण्यासाठी नवी युक्ती काढली. टंगस्टनच्या टोकाशी विजेची ठिणगी आणि तिच्याभोवती हेलियम वायूचे पांघरूण, म्हणजे हवा आत शिरू नये. पुढे हेलियमच्या जागी बहुधा आर्गॉन आला. या पद्धतीचा जोड इतका नेटका उतरतो की तो झाकावासा वाटत नाही. एकावर एक सरकवलेल्या नाण्यांच्या माळेसारखा दिसतो. त्याच्या कडेला इंद्रधनुष्याचे रंग असले की आजचे शौकीन त्यालाच अलंकार मानतात.

इथेच घिसाड्याची नजर हवी. रंग तोच, पण धातूगणिक त्याची साक्ष निराळी. साध्या पोलादावर जोडाशेजारी निळा पट्टा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. आग कुठवर पोचली एवढेच तो सांगतो. रंग देण्यापूर्वी साय घासून काढली की झाले. धूर जाण्याच्या स्टेनलेस नळीवर फिकट पिवळा चालतो. गडद निळा आणि राखी मात्र सांगतात की पृष्ठभागालगतचे क्रोमियम सायीत गेले, आता इथे गंज धरेल. तो डाग आम्लाचा लेप लावून काढावा लागतो. आणि टायटॅनियम सर्वांत मानी. त्याचा जोड रुपेरी असावा. पिवळसर झाला तर आर्गॉनच्या पांघरुणाला फट पडली, निळा झाला तर संशय दाट, आणि राखी किंवा पांढरी भुकटी दिसली तर धातू हवा पिऊन ठिसूळ झाला. जोड कापून पुन्हा करावा. म्हणजे ज्या निळ्या रंगावर पाहणारा भाळतो, तोच जाणत्याला खटकतो.

आपल्याकडेही हाताने मोटारी घडवण्याचे धाडस झाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' ही चिमुकली मोटार स्वतः घडवली. कारखान्यातून ती कधी निघाली नाही, पण तिची आठवण राहिली. अलिबागजवळ चिंकारा नावाची उघडी दोन आसनी गाडी तयार झाली: आत नळ्यांचा सांगाडा, वर काचतंतूचे अंग. दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' 2012 साली दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली. अशा गाड्यांचे अंग वरून एकसंध दिसते. भार वाहणारे सांधे त्याच्या आत असतात. पाहणाऱ्यांनी अंगावरची चकाकी पाहिली. मला विचारावेसे वाटते: आतले सांधे किती जणांनी पाहिले?

हे विचारण्याचा अधिकार मला आहे असे नाही. काही वर्षांपूर्वी भावाने उसाची ट्रॉली घेतली. मास्तर म्हणून, शिकलेला म्हणून, मला बरोबर नेले. तांबडा चकचकीत रंग, सांधे ग्राइंडर मारून तळहातासारखे सपाट. मी हात फिरवला आणि म्हणालो, "काम सफाईचं आहे. घे." हंगामात भरली ट्रॉली चढावर असताना दांडीचा सांधा उकलला. ट्रॉली मागे घरंगळली आणि मागून चालणाऱ्या गड्याचा पाय गेला. तुटलेला सांधा मी नंतर पाहिला. वितळलेला धातू केवळ वरच्या कडेला होता. त्यातलाही निम्मा सपाट करताना घासून गेलेला. मध्ये पोकळी, तिच्यात गंज, आणि वर लांबी भरून रंग.

त्या सांध्यावर डाग नव्हता, म्हणून मी फसलो. ओबडधोबड वळी राहू दिली असती, कडेचा काळानिळा पट्टा दिसला असता, तर कोणी जाणता म्हणाला असता, इथे आग आत पोचलेलीच नाही. साक्षीदार पुसून टाकला होता, आणि मी त्या पुसण्यालाच सफाई म्हटले.

तो गडी आता आमच्याच शेतावर राखणीला बसतो. मला पाहिले की "या मास्तर" म्हणतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. पण वर्गात मुलांच्या वह्या तपासताना खाडाखोड नसलेले पान आले की पूर्वीसारखे पटकन पैकीच्या पैकी गुण माझ्याने देववत नाहीत. मी मुलाला फळ्याशी बोलावतो आणि म्हणतो, "बाळ, कच्चे गणित दाखव. कुठे अडलास, ते पाहू दे."