नियम वॉशिंग्टनचे, अंमल राज्यांचा

अमेरिकेत मालट्रकांवर पहिले निर्बंध घातले ते राज्यांनी. १९१३ साली मेन, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी ट्रकच्या वजनाची कमाल मर्यादा ठरवली. भरीव रबरी टायरांच्या जड गाड्या रस्ते उखडत होत्या आणि त्या रस्त्यांचा खर्च राज्यांच्या तिजोरीतून होत होता. मेनची मर्यादा १८,००० पौंड होती, तर मॅसॅच्युसेट्सची २८,००० पौंड. पहिल्याच वर्षी दिसलेली ही तफावत पुढे वाढतच गेली. लांबी, रुंदी, दिवे, ब्रेक अशा प्रत्येक बाबतीत राज्यागणिक कायदा वेगळा झाला.

केंद्र सरकार या क्षेत्रात उतरले ते १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने. रेल्वेवर देखरेख ठेवण्यासाठी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे आता ट्रक वाहतूकही सोपवण्यात आली. भाडे आणि परवाने यांच्या जोडीने ड्रायव्हरचे कामाचे तास ठरवण्याचा अधिकारही आयोगाला मिळाला. दिवसाला १० तास ड्रायव्हिंग आणि आठवड्याला ६० तास काम ही चौकट याच दशकात तयार झाली. मात्र ती लागू होती फक्त आंतरराज्य वाहतुकीला. आयोगाकडे तपासनीस मोजकेच होते आणि महामार्गावर गाडी अडवणारा पोलीस राज्याचा होता. नियम एकाचा आणि रस्त्यावरचा हात दुसऱ्याचा, ही अडचण पुढची जवळजवळ पन्नास वर्षे टिकली.

दरम्यान राज्याराज्यांतल्या फरकांची भांडणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जात राहिली. १९३८ मध्ये न्यायालयाने दक्षिण कॅरोलायनाची ९० इंच रुंदीची आणि २०,००० पौंड वजनाची मर्यादा वैध ठरवली. १९५९ मधला इलिनॉयचा खटला मात्र उलट दिशेने गेला. या राज्याने मागच्या चाकांना वक्राकार मडगार्ड सक्तीचे केले होते. किमान ४५ राज्यांत सरळ लोंबणारा मडफ्लॅप चालत असे आणि आर्कान्सामध्ये तर तो सरळच असावा असा नियम होता. म्हणजे दोन्ही राज्यांतून जाणाऱ्या ट्रकला वाटेत मडगार्ड बदलणे भाग होते. ते बसवताना काही वेळा वेल्डिंग करावे लागे आणि ट्रेलरमध्ये स्फोटक माल असेल तर ते जिवावरचे काम होते. सुरक्षेच्या नावाने केलेला हा नियमच धोका निर्माण करत होता, हे न्यायमूर्तींना पटले आणि तो रद्द झाला. पण प्रत्येक दिव्यासाठी आणि प्रत्येक मडगार्डसाठी वेगळा खटला लढणे हा काही सुसूत्रतेचा मार्ग नव्हता.

१९६७ मध्ये सुरक्षेचे काम आयोगाकडून नव्या केंद्रीय वाहतूक खात्याकडे गेले. त्यानंतर १९८० च्या कायद्याने परवान्यांवरची बंधने सैल केली आणि हजारो नवे वाहतूकदार धंद्यात आले. अरुंद नफ्यावर चालणाऱ्या गाड्यांची देखभाल कोण पाहणार, हा प्रश्न त्यामुळे तातडीचा झाला.

त्याचे पहिले उत्तर वॉशिंग्टनमधून आले नाही, हे या इतिहासातले सर्वांत लक्षणीय वळण आहे. १९८० मध्ये पश्चिमेकडील काही राज्यांचे आणि कॅनडातल्या प्रांतांचे तपासणी अधिकारी एकत्र आले. एकाच ट्रकची प्रत्येक सीमेवर वेगळ्या पद्धतीने होणारी तपासणी थांबवण्यासाठी त्यांनी एक सामाईक पद्धत ठरवली. यातूनच कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्स ही संस्था उभी राहिली. तिच्या संपूर्ण तपासणीत चाकांना ठोकळे लावून तपासनीस गाडीखाली शिरतो, ब्रेक चेंबरमधून बाहेर येणाऱ्या पुशरॉडवर खडूने खूण करतो आणि ड्रायव्हरला ब्रेक पूर्ण दाबायला सांगतो. खूण किती सरकली यावरून ब्रेक नीट लागतो की नाही ते कळते. नेहमीच्या ३० नंबरच्या चेंबरला दोन इंचांपर्यंत सूट असते. वीस टक्के ब्रेक सदोष निघाले की गाडी तिथेच उभी राहते. दहा ब्रेकच्या ट्रकला त्यासाठी दोन खराब ब्रेक पुरतात. पास झालेल्या गाडीला तीन महिन्यांचे स्टिकर मिळते आणि पुढच्या राज्यातला तपासनीस ते सहसा ग्राह्य धरतो.

केंद्राने याच पायावर बांधकाम केले. जानेवारी १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने राज्यांसाठी अनुदानाची योजना आणली. केंद्राच्या नियमांशी सुसंगत नियम स्वीकारायचे, ते अमलात आणायचे आणि त्या बदल्यात खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राकडून घ्यायचा, असा हा व्यवहार होता. पैशाचाच मार्ग का, याचे कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. भारतात मोटार वाहने समवर्ती सूचीत आहेत आणि केंद्राचा कायदा राज्यांची यंत्रणाच राबवते. अमेरिकेत मात्र केंद्राचा कार्यक्रम राबवण्याचा हुकूम संसद राज्यांना देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले. अनुदानाला अट जोडायला मात्र हरकत नाही, हे मद्यपानाच्या वयाबाबतच्या १९८७ च्या निकालाने आधीच मान्य झाले होते.

१९८४ च्या कायद्याने राज्यांचे नियम केंद्राच्या नियमांशी ताडून पाहण्यासाठी एक परीक्षण मंडळ नेमले. १९८६ चा कायदा लायसन्सकडे वळला. तोवर अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या लायसन्सवर अवजड ट्रक चालवता येत असे. चार राज्यांची चार लायसन्स खिशात ठेवून गुन्हे वाटून टाकणारे ड्रायव्हरही होते. आता एकाला एकच लायसन्स, किमान दर्जाची परीक्षा आणि सर्व राज्यांना जोडणारी नोंद बंधनकारक झाली. १ एप्रिल १९९२ ही मुदत होती. न पाळणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी कापला जाणार होता. हा धाक पुरेसा ठरला.

राज्ये केंद्राचे नियम स्वीकारतात ते बहुधा संदर्भाने. शेकडो पाने पुन्हा न लिहिता, अमुक तारखेचे केंद्रीय नियम या राज्याला लागू, असे एक कलम करतात. भविष्यातल्या दुरुस्त्या आपोआप लागू केल्या तर विधानमंडळाने आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती दिला असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून तारीख घालतात. मग ती तारीख वेळोवेळी पुढे न्यावी लागते. केंद्र त्यासाठी तीन वर्षांची सवलत देते. तेवढ्या काळात जुना आणि नवा नियम शेजारी शेजारी चालतो.

राज्यांतर्गत वाहतुकीला काही मोकळीकही आहे. केंद्राच्या नियमानुसार आज ११ तास ड्रायव्हिंग करता येते आणि आंतरराज्य ड्रायव्हर किमान २१ वर्षांचा लागतो. टेक्सास आणि कॅलिफोर्निया राज्यांतर्गत फेऱ्यांना १२ तास देतात आणि १८ वर्षांचा ड्रायव्हरही अशी गाडी चालवू शकतो. इथे सीमा ओलांडण्यापेक्षा माल कुठून आला आणि कुठे चालला याला महत्त्व असते. ह्यूस्टन बंदरात उतरलेला परदेशी माल डॅलसला नेणारा ट्रक टेक्सासबाहेर न जाताही केंद्राच्या नियमाखाली येतो. त्याच रस्त्यावर स्थानिक खडी नेणारा ट्रक राज्याच्या नियमाखाली असतो. झोपेने दोघांचे डोळे सारखेच मिटतात, त्यामुळे ही तफावत सुरक्षेच्या तत्त्वावर समर्थनीय ठरत नाही. ती राजकीय तडजोडीतून टिकली आहे.

१ जानेवारी २००० पासून हे सारे काम फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशन या स्वतंत्र संस्थेकडे आहे. कामाचे तास वहीऐवजी इंजिनाला जोडलेल्या यंत्रात नोंदवण्याची सक्ती केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये लागू केली. टेक्सासने आपल्या राज्यांतर्गत ट्रकांना ती डिसेंबर २०१९ मध्ये लावली.