हरताळाखालील पाठ

अलिबागनजीकच्या आक्षी येथील शिलालेख शके ९३४ (इ. स. १०१२) चा मानला जातो. दगडातील चूक सहजी पुसता येत नाही. पोथीत मात्र लेखनिक चुकलेल्या अक्षरांस हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर शुद्ध पाठ लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. बंदवाचक ‘हरताळ’ निराळा. संगणकीय पृष्ठांतही मजकूर असाच रद्द करतात. परंतु एचटीएमएलची टिप्पणीखूण सर्व्हर मानीत नाही: तिच्या आतील सर्व्हरच्या आज्ञा चालतातच, आणि झाकलेला मजकूर वाचकाच्या यंत्रापर्यंत पोचतो. सर्व्हरच्या स्वतःच्या खुणेत घातलेला भाग मात्र तेथेच राहतो. पहिली केवळ काट, दुसरा खरा हरताळ. म्हणून गोपनीय मजकूर रद्द करणाऱ्याने खूण कोण वाचणार, हे आधी पाहिले पाहिजे.