एकल ब्लॅक मेटल प्रकल्पाची वाटचाल : 'झॅस्थर'चा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीच्या प्रदेशात दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत दंडार रात्रभर रंगते. गायक, वादक, सोंगाडे आणि प्रेक्षक यांपैकी एकही घटक वगळला तर तो प्रयोग उभा राहत नाही. मराठीतील एकपात्री प्रयोगात कलावंत एकटा असला तरी त्याच्यासमोर प्रेक्षक असतोच. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य संगीतात मात्र एक वेगळा प्रवाह निर्माण झाला. त्यात सर्व वाद्ये एकच व्यक्ती वाजवते, तीच गाते, तीच ध्वनिमुद्रण करते आणि सहसा श्रोत्यांसमोर येतच नाही. हेवी मेटल संगीताच्या 'ब्लॅक मेटल' या शाखेतील विषण्णतेला वाहिलेल्या उपप्रकारात ही पद्धत विशेष रूढ झाली. हा एकांत कलावंताच्या मनोवस्थेतून आला की निर्मितीच्या साधनांतून, या प्रश्नाचा विचार कॅलिफोर्नियातील 'झॅस्थर' या प्रकल्पाच्या आधारे प्रस्तुत निबंधात केला आहे.

पूर्वपीठिका

एकहाती ध्वनिमुद्रण घरात शक्य झाले ते यंत्रामुळे. १९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत ध्वनिमुद्रण करणारे यंत्र बाजारात आणले. एका पट्टीवर गिटार मुद्रित करावी, ती ऐकत दुसरीवर बास, तिसरीवर तालयंत्र आणि चौथीवर आवाज, अशा रीतीने एका माणसाचा वाद्यवृंद तयार होऊ लागला. महागडा स्टुडिओ आणि सहकारी कलावंत या दोन्हींची गरज त्यामुळे कमी झाली.

या साधनांच्या मर्यादांनाच सौंदर्यमूल्य देण्याचे काम नॉर्वेत झाले. बर्गेनच्या व्हार्ग विकर्नेसने १९९१ मध्ये 'बर्झुम' हा एकल प्रकल्प सुरू केला. १९९३ मध्ये मुद्रित होऊन १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिलोसोफेम' या अल्बमसाठी त्याने हेतुपुरस्सर निकृष्ट प्रतीचा मायक्रोफोन वापरला. संथ आवर्तने, धूसर ध्वनी आणि दुरून आल्यासारखा आवाज ही पुढील पिढीची परिभाषा येथे घडली. तथापि, या इतिहासाची काळी बाजू दृष्टीआड करता येत नाही. १९९३ मध्ये विकर्नेसने 'मेहेम' या वाद्यवृंदातील ऑयस्टीन ऑर्सेथचा खून केला. १९९४ मध्ये त्या खुनाबद्दल आणि चर्च जाळल्याबद्दल त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याचे वंशवादी विचारही सर्वज्ञात आहेत. त्याची ध्वनिशैली उचलणाऱ्या सर्वांनीच त्याची विचारसरणी स्वीकारली असे मात्र मानता येत नाही.

'झॅस्थर'चा पहिला कालखंड (१९९५–२०१०)

लॉस एंजेलिसलगतच्या अल्हाम्ब्रा या गावी स्कॉट कॉनर याने 'मॅलेफिक' या टोपणनावाने १९९५ मध्ये 'झॅस्थर' सुरू केले. आरंभी त्याच्यासोबत अन्य वादक होते; पुढे तो एकटाच उरला. नॉर्वेच्या बर्फाळ अरण्यांची प्रतिमा कॅलिफोर्नियाच्या उपनगराला लागू पडणारी नव्हती. त्यामुळे त्याच्या संगीतात निसर्गाची जागा बंद खोलीने घेतली असे म्हणता येईल. 'नॉक्टर्नल पॉयझनिंग' (२००२), 'द फ्युनरल ऑफ बीइंग' (२००३) आणि 'टेलिपॅथिक विथ द डिसीज्ड' (२००४) या अल्बममध्ये गिटारच्या एकमेकांवर चढवलेल्या सुरावटी, कीबोर्डचे दाट पटल आणि शब्द ओळखू न येणारा आक्रोश आढळतो. ताल यंत्राचा होता.

या एकांतालाही बाजारपेठ लाभली, ही लक्षणीय बाब होय. २००५ मध्ये 'सन' या वाद्यवृंदाच्या 'ब्लॅक वन' या अल्बममधील एका रचनेसाठी कॉनरचा आवाज त्याला शवपेटीत ठेवून मुद्रित करण्यात आला. खासगी वेदना आता प्रतिमा बनून विकली जात होती. २००६ पासून 'हायड्रा हेड' या प्रतिष्ठित संस्थेने त्याचे अल्बम प्रसिद्ध केले. 'डिफेक्टिव्ह एपिटाफ' (२००७) मध्ये तालयंत्राऐवजी प्रत्यक्ष ड्रम आले. 'पोर्टल ऑफ सॉरो' (२०१०) मध्ये मारिसा नॅडलर या गायिकेचा आवाज आला. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर एकल प्रकल्पाचे दार किंचित उघडले होते. त्याच वर्षी कॉनरने हे काम थांबवले.

दुसरा कालखंड आणि विषयांतर

यानंतर कॉनर विद्युत गिटार सोडून अकूस्टिक गिटारकडे वळला. काही काळाने त्याने 'झॅस्थर' हेच नाव पुन्हा धारण केले. संगीत मात्र अमेरिकन लोकसंगीताला जवळचे होते. २०२१ च्या 'व्हिक्टिम्स ऑफ द टाइम्स' या अल्बमचा विषय दक्षिण कॅलिफोर्नियातील दारिद्र्य आणि बेघरपण हा आहे. पूर्वी ज्या दुःखाला कारण नव्हते, किंवा ते सांगितले जात नव्हते, त्याला आता घरभाडे आणि रस्ता यांचा संदर्भ मिळाला. आवाजही पूर्वीसारखा सुरावटींखाली दडलेला राहिला नाही.

महाराष्ट्रातील समांतर उदाहरण

मुंबईच्या साहिल मखिजा याने २००० मध्ये 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा वाद्यवृंद स्थापन केला आणि २००८ मध्ये 'डेमनस्टीलर' या नावाने पहिला एकल अल्बम प्रसिद्ध केला. त्याची शैली विषण्ण ब्लॅक मेटलहून वेगळी आहे. परंतु त्याच्या एकल निर्मितीची दिशा उद्बोधक ठरते. २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन' मध्ये ग्रीक ड्रमवादक जॉर्ज कोलियास सहभागी झाला. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन' मध्ये अनेक देशांतील वादक होते. घरगुती ध्वनिमुद्रणाचे तेच तंत्र कॉनरला जगापासून दूर नेत होते, तर मखिजाला दूरदेशीच्या सहकाऱ्यांशी जोडत होते.

समारोप

वरील विवेचनावरून एकल प्रकल्पाचा एकांत केवळ मनोविकाराचे लक्षण ठरत नाही. स्वस्त यंत्र, नॉर्वेतून आलेली ध्वनिपरिभाषा आणि अनामिकतेला किंमत देणारा श्रोतृवर्ग या तिन्हींनी तो घडवला. कॉनरच्या कारकिर्दीचे महत्त्व असे की, त्याने त्या चौकटीत पंधरा वर्षे काम करून ती स्वतःच मोडली. कलावंताच्या विषण्णतेचे कौतुक करणाऱ्या समीक्षेने त्या विषण्णतेची सामाजिक कारणेही तपासली पाहिजेत. बंद खोलीतील आक्रोशाचा अभ्यास त्या खोलीचे भाडे वगळून पूर्ण होत नाही.