खासगीत एक, पडद्यावर दुसरे

३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री अमेरिकेतील फॉक्स न्यूज या दूरचित्रवाणी वाहिनीने ॲरिझोना राज्य बायडन यांनी जिंकल्याचे सर्वांआधी जाहीर केले. अंदाज अचूक ठरला. पण ट्रम्पनिष्ठ प्रेक्षक रुष्ट होऊन अन्य वाहिन्यांकडे वळू लागले. मग डोमिनियन कंपनीच्या मतदानयंत्रांनी मते फिरविल्याचा निराधार आरोप फॉक्सवर वारंवार होऊ लागला. खासगी संदेशांत मात्र तेथील नामवंत निवेदक त्याच आरोपाची टवाळी करीत होते! प्रेक्षकांना फसविले म्हणावे, की त्यांच्या रोषापुढे मान तुकविली म्हणावे? बहुधा दोन्ही. डोमिनियनच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात हे संदेश उजेडात आले. आरोप असत्य असल्याचा निर्वाळा न्यायाधीशांनी दिला, आणि १८ एप्रिल २०२३ रोजी फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ज्या पडद्यावरून आरोप घरोघरी पोचला, त्यावरून क्षमा मागण्याची अट तीत नव्हती.