मजुरी आणि कृपा

कामोठ्यात उभे राहून ‘कृपा’ या शब्दाविषयी बोलणे कामगार चळवळीतल्या माणसाला सोपे नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात येथील शेतकऱ्यांना साडेबारा टक्के भूखंड मिळाले, ते कोणाच्या कृपेने नव्हे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण-पनवेलचा शेतकरी उभा राहिला, पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले, त्या लढ्याचे ते फळ होय. आम्हीही आयुष्यभर गेटसभांतून हेच सांगत आलो की, बोनस ही मालकाची मेहेरबानी नव्हे. मग ज्या ख्रिस्ती धर्माचा सारा भर कृपेवर आहे, त्याचे मर्म आम्हाला कसे उमगावे?

ही अडचण खुद्द संत पौलाने ओळखली होती. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी. ते देणे असते, कृपा नव्हे. म्हणजे मजुरीचा हक्क त्याने मोडीत काढला नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, देवाशी माणसाचे नाते मजूर-मालकाचे नाही. तारण कृपेने होते व विश्वासाने ते स्वीकारायचे असते. पण मग विश्वास हेही एक कामच झाले नाही काय?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंना आयुष्यभर पुरला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा, व्रते, दाने करीत कुटुंबासह हिंडले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण रमाबाईंच्या डोळ्यांदेखत गेली. पुण्य साठवूनही भाकर मिळाली नाही, हा सल त्यांच्या मनात राहिला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही तेथील जोगिणींशी त्यांचे वाद चालूच होते. पटल्याशिवाय मान डोलावणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

पुढे १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. आपण लोकांना उपदेश करतो, पण आपलेच तारण झालेले नाही, हे या गृहस्थाला व्यासपीठावर उभे असताना उमगले होते. रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, असे त्यांना दिसून आले. तत्त्वे मान्य करणे निराळे आणि आपण रिकाम्या हाताने आलो आहोत हे कबूल करणे निराळे.

याचा अर्थ केडगावला स्पष्ट होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. त्यांची लायकी कोणी तपासली नाही. भाकरीसाठी पुढे केलेला हात ही भाकरीची किंमत नव्हे. पण हात पुढे झालाच नाही तर पोटही भरत नाही. भाकर ही कृपा आणि हात हा विश्वास, असे आम्ही समजतो. त्याच मुली पुढे शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंनी मराठीत केलेले बायबल केडगावच्याच छापखान्यात छापले गेले. काम आले, पण भाकरीनंतर.

रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठले, तो वाद निराळा. युरोपात तर १५१७ पासून, ल्यूथरच्या काळापासून, कृपा आणि सत्कर्मे यांवरून पंथ फुटले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथी व रोमन कॅथलिक यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या : देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात, त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, सत्कर्मे हे त्याचे फळ. चारशे ब्याऐंशी वर्षे लागली!

येशूच्या एका दाखल्यात द्राक्षमळ्याचा धनी तासभर राबलेल्यालाही दिवसभराची मजुरी देतो. पूर्वी तो वाचून आमच्यातला युनियनवाला चिडत असे. मग एक वाक्य नजरेस पडले : ती माणसे दिवसभर नाक्यावर उभी होती, कोणी कामाला लावलेच नव्हते. अशी माणसे आजही सकाळी आपल्या नाक्यांवर उभी असतात. जो राबला त्याच्या मजुरीला कृपा म्हणू नये. आणि ज्याला राबण्याची संधीच मिळाली नाही, त्याच्यापुढे हक्काचा हिशेब मांडून बसू नये. रमाबाईंपासून आम्ही एवढे शिकलो.